निजाईच्या आवारातले ठसे

“मग, दिसलं का कधी?”

माझं काम काय ते कळलं की माणसांचा पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात हत्यार घालून विचारलं. खेड्यापाड्यातल्या जुन्या चर्चच्या आवारात थडगी असतात, त्या थडग्यांवरच्या अक्षरांचे मी ठसे घेते. त्यामुळं माझी भुताखेतांशी ओळखपाळख असणार असं लोक धरूनच चालतात. मी सांगते, दिसतात की! मुंग्या दिसतात, विंचू दिसतात, दारूच्या फुटक्या बाटल्या तर हमखास दिसतात. माणसं हिरमुसतात आणि जिलबी वाढून घेतात.

यंदा या कामाबद्दल लिहायला बसले तेव्हा हेच उत्तर आधी कागदावर आलं, पण मग मुळशीचं ते आवार आठवलं आणि पेन अडलं. खोटं कशाला लिहू? जे झालं ते सांगते. भूत म्हणायचं की काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी काम समजून घ्या. नोकरीत होते तोवर मी शिलालेखांचे ठसे घ्यायची. देवळांच्या पायऱ्या, लेणी, बारवा, जिथं दगडावर अक्षर तिथं मी. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. एका चर्चच्या विश्वस्तांनी त्यांच्या जुन्या दफनभूमीचं काम दिलं, त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, असं करत हेच माझं दुसरं पोटपाण्याचं काम होऊन बसलं. जुनी चर्च म्हणजे मोठे घुमट-मनोरे असलेली नव्हेत हं. कुठंतरी माळावर एक दगडी खोली, कौलं गेलेली, दारात निवडुंग, आणि मागं गवतात बुडालेली थडगी. कुणी ओव्हरसियर, कुणाची बायको, कुणाचं तापानं गेलेलं लेकरू.

दगड मऊ ब्रशनं, साध्या पाण्यानं धुवायचा. तारेचा ब्रश किंवा ॲसिड घेऊन कुणी जवळ आलं तर मी हातातलं हिसकावून घेते, मग तो विश्वस्त असो नाहीतर पाद्री. मग खास कागद भिजवून दगडावर पसरायचा, खालची हवा काढायची, आणि लांब केसांच्या ब्रशनं तो ठोकायचा. आमच्या धंद्यातला शब्दच तो, ठोकणं. थाप, थाप, थाप, एका लयीत, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. जरा वाळला की शाईचा बोळा वरून टिपत जायचा. खाचेत शाई पोचत नाही. सगळा कागद काळा होतो आणि अक्षरं तेवढी पांढरी राहतात. डोळ्यांना जिथं गुळगुळीत धोंडा दिसत होता तिथं कागदावर नाव उमटतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसानं आपण होऊन नाव सांगावं तसं वाटतं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. भूगावच्या एका बंगल्यात चहाला बोलावलं होतं. बागेतल्या छानशा दगडी टेबलावर कप ठेवले होते. मला सवय वाईट, दगड दिसला की खालून हात फिरवते. बोटांना अक्षरं लागली. म्हटलं, “अहो, कप उचला, एका बाईंच्या उरावर ठेवलाय तुम्ही.” घरधनीणबाईंनी कप उचलला तो हातातच राहिला, पिईना आणि ठेवीना. दुसरे एक परदेशातून आलेले म्हातारे. पणजोबांचं थडगं सापडल्यावर रडतील असं मला वाटलं होतं. ते फतकल मारून बसले आणि त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी-चटणी मागून घेऊन खाल्ली. म्हणाले, पणजोबांबरोबर पहिल्यांदाच जेवतोय. ही माणसं मला आवडली. ही नाव शोधत आली आणि त्यांना नाव मिळालं.

मुळशीत मात्र नावच नव्हतं.

धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिचं नाव सांगत नाही. वाडीच्या अलीकडं रस्त्याच्या वळणावर ते चर्च. फार जुन्या काळी बाहेरून कामाला आलेल्या ख्रिस्ती माणसांसाठी कुणीतरी बांधलं, माणसं पांगली, चर्च राहिलं. आजूबाजूला आता प्लॉट पडलेत. शनिवार-रविवारची घरं, तलावासारखा पोहण्याचा हौद, असलं सगळं. चर्च ज्या ट्रस्टचं, त्या ट्रस्टचे सचिव पुण्यात राहतात. सज्जन माणूस. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, “बाई, आवाराची पूर्वेकडची पट्टी प्लॉटवाल्यांना रस्त्यासाठी द्यायचं चाललंय. तिकडं कबरी नाहीत असं जुने लोक म्हणतात. तुम्ही सगळ्या कबरींचे ठसे घ्या, जागा दाखवा. जिथं कबर निघेल तिथं आम्ही हात लावणार नाही.”

त्या वळणाचं नाव निघालं आणि मला आई आठवली.

आम्ही मुठ्याचे. आजोळ धरणाच्या पलीकडं. लहानपणी एसटीनं जाताना हे वळण लागायचं. वळण आलं की आई बोलता बोलता थांबायची आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून घट्ट धरून बसायची, काच वाजू नये अशी. वळण गेलं की सोडायची. आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगारे-धुपारे यांना वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. ते चिडायचे, “काय गं हे, शिकल्या-सवरलेल्या घरात?” आई म्हणायची, “काय न्हाई.” बस. आई कधीच कुठं दुसरीकडं असं करायची नाही. आम्ही भावंडं तिची नक्कल करून हसायचो. पुढं ती सवय मलाही लागली. त्या रस्त्यानं गेले की माझाही हात आपोआप बांगड्यांकडं जातो.

दिवाळी झाल्यावर मी कामाला लागले. त्या दिवसांत हवा कोरडी असते, कागद वाळतो. पण तिथं सकाळी पाण्यावरून धुकं चढतं आणि चर्चच्या भिंतीपाशी येऊन अडून बसतं. दहा पावलांवरचं थडगं दिसत नाही. वाडीतल्या एका माणसाला जागा विचारली तर म्हणाला, “निजाईचं व्हय? जावा सरळ. पर गाडी असंल तर लांब लावा.” मला वाटलं असेल एखादी देवी. काळूबाई, जाखमाता, तशी निजाई.

आवारात मधोमध एक मोठी काळ्या दगडाची शिळा आडवी पडलेली होती. तिच्यावर मराठी अक्षरं असावीत अशी शंका आली, पण पावसानं पार झिजलेली. बाकीची थडगी इंग्रजी, सोपी. मी म्हटलं अवघड ते आधी करू. शिळा धुतली, कागद पसरला, बांगड्या वर सारल्या आणि ठोकायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप.

थोड्या वेळानं मान अवघडली. कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. असं वाटतं कधीकधी, मी लक्ष देत नाही. पण वास आला, शेरडांचा. मागं वळले आणि खरं सांगते, हातातला ब्रश खाली पडला. भिंतीच्या खिंडारात, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, सबंध कळप उभा होता. मेंढरं, शेरडं, करडं. सगळी माझ्याकडं तोंड करून. धुक्यातून एवढं खांड चालत आलं आणि मला घुंगराचा एक आवाज ऐकू आला नाही! गळ्यात घंटा तर दिसत होत्या. मी वाकून पाहिलं. प्रत्येक घंटेच्या पोटात गवताचा बोळा कोंबलेला होता.

“ठोकू नका ओ बाई.”

आवाज इतका बारीक होता की मला आधी कळेना कुठून आला. कळपाच्या मागं एक धनगराची म्हातारी उभी होती. डोईवर पदर, हातात काठी. तिचं नाव ठकूबाई. नंतर कळलं.

“का हो?”

“उटंल ती.”

एवढंच बोलून ती कळप घेऊन भिंतीच्या बाहेरून निघून गेली. मी ब्रश उचलला. म्हटलं, म्हातारीची समजूत आहे, काम काम आहे. ठोकून कागद बसवला, थांबले, हात झटकले.

आणि थाप, थाप, थाप चालूच राहिली.

मी थांबले होते. ब्रश जमिनीवर होता. चर्चच्या भिंतीवरून आवाज परत येतो, ते मला माहीत आहे, पण तो एकदा येतो. हा येतच होता. हलका, मऊ, पूर्वेच्या पट्टीकडून. भ्याले, सांगायला कसली लाज? पाय तिकडं नेले ते केवळ वडिलांच्या धाकानं. भूत नसतं हे त्यांनी आम्हाला रागावून रागावून शिकवलं होतं.

गवतात ठकूबाई उकिडवी बसली होती. तिनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. अगदी माझ्या आईसारख्या. आणि पुढ्यातल्या नारळाएवढ्या धोंड्यावर ती तळहातानं थोपटत होती. तिथं थोपटून झालं की सरकून शेजारच्या धोंड्यावर. मग त्याच्या शेजारच्या. गवत बाजूला झालं तसे मला दिसले, ओळीनं लावलेले धोंडे, पट्टीभर.

“काय करताय?”

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुमी ठोकून उटावलं. आता निजवाय नगं?”

मी त्या दिवशी लवकर घरी गेले. ओला कागद शिळेवर तसाच सोडला, वाळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर शिळेवर घोंगडी. चांगली काळी घोंगडी, चारी कोपरे नीट खोचलेली, झोपलेल्या माणसाला घालावी तशी. घोंगडी उचलायला हात पुढं होईना. शेवटी उचलली. खाली माझा कागद जसाच्या तसा, कोरडा, दंवाचा थेंब नाही. म्हातारीनं निजाईला थंडी वाजेल म्हणून पांघरूण घातलं होतं, आणि माझं काम वाचलं होतं.

शाई टिपत गेले तशी अक्षरं वर आली. “मार्थाबाई. या खोऱ्यातील लेकरांची सुईण. प्रभूच्या ठायी येथे निजली आहे. तो उठवील तेव्हा उठेल.”

मी मोठ्यानं हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. निजली आहे! ख्रिस्ती लोक थडग्यावर मेली असं लिहीत नाहीत, निजली लिहितात. वाडीत कुणा वाचता येणाऱ्यानं कधीकाळी ते वाचून दाखवलं असणार, आणि वाडीनं ते जसंच्या तसं खरं धरलं. निजली आहे ना, मग आवाज करू नका. ती झाली निजाई. शेरडांच्या घंटांत गवत, बायकांच्या बांगड्या कोपराशी. एका शब्दामुळं सगळी वाडी चोरपावलांनी चालत आली होती.

ठकूबाई आली तेव्हा मी तिला ठसा दाखवला, वाचून दाखवला, अर्थ सांगितला. “अहो, तसं लिहायची त्यांची पद्धत. निजली म्हणजे गेली. आता देव उठवील तेव्हाच उठायची ती.”

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “मंग? देवानं उटवायची म्हंता, तर तुमी कशाला उटवता?”

घ्या! मी ठसा गुंडाळून ठेवला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली, कुजबुजतच. पट्टीतले धोंडे कुणाचे ते मी विचारलं. ती सांगत गेली, तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मसणवट्यात कोल्ही उकरायची. इथं भिंत होती. मार्थाबाई या खोऱ्यातली बाळंतपणं करायची, आणि जे लेकरू हाताला लागलं नाही त्याला ती आपल्या आवारात ठेवून घ्यायची. स्वतः जाताना म्हणाली म्हणे, माझ्याजवळच आणून निजवत जा. ती गेल्यावरही बाया आणत राहिल्या, अगदी अलीकडच्या काळापर्यंत. धनगराच्या, कुणब्याच्या, आमच्या वस्तीतल्या. “मसणवट्यात ज्याची त्याची जागा येगळी. हितं समदी एका वळीत,” ठकूबाई म्हणाली. “माजी दोन हायेत.” तिनं बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली.

“पण एवढं हळू का बोलायचं? ती तर मार्थाबाई निजलीय.”

“तिचं काय न्हाई वं. एक पोर उटलं की समदी उटत्यात. घरात पोरं न्हवती का तुमच्या?”

“कधी उठली होती?”

तिनं पदर कानावरून ओढून घेतला. मग म्हणाली, “रस्त्याला सुरुंग लावल्याला तवा. लई रडली. घरात बसून ऐकू यायची. शेरडं आटली.” तिच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी पाहिले. म्हातारी थाप मारत नव्हती. तिनं ऐकलं होतं.

मी सचिवांना फोन केला. पट्टीत कबरी आहेत, लेकरांच्या, भरपूर. ते आले, गवतातून हिंडले, आणि अवघडून म्हणाले, “बाई, नाव असलं तर कबर, नाहीतर तो धोंडा. मी वर काय दाखवू? शेताच्या बांधावरही असे धोंडे असतात. एक नाव दाखवा, मी भांडतो.” प्लॉटवाल्यांचा साइट इंजिनिअर सोबत होता. त्यानं तोवर खुंट्या ठोकायचा दिवसही सांगून टाकला. येत्या आठवड्यात जेसीबी येणार होता.

मी ठकूबाईला गाठलं. म्हटलं, नावं सांगा, मी लिहून घेते, आयांची नावं सांगा. ती मान हलवत राहिली. माझा पारा चढला. “अहो, जेसीबी घालतील! मग निजतील का ती? तुमचं हे हळूहळू, कुजबुज, ह्यापायी सगळं जाईल. ओरडा की जरा!”

“नाव कुटनं आणू?” ती म्हणाली. “बारशाच्या आदीच गेली की समदी.”

जन्मभर नावं शोधण्याचं काम केलं, आणि नाव ठेवायलाच सवड मिळाली नाही अशीही माणसं असतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी चर्चच्या पायरीवर बसले आणि रडले. म्हातारी शेजारी येऊन बसली. मग तिनं माझ्या पिशवीतल्या कागदाच्या गुंडाळीवर हात ठेवला.

“ह्यो कागद धोंड्यावर लावला तर धोंडा उमटतो न्हवं?”

“अक्षर असलं तर अक्षर उमटतं. नसलं तर नुसता धोंडा.”

“नुसता उमटू दे की. पर ठोकू नगा. थोपटा.”

खुंट्या ठोकायच्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा धुकं इतकं होतं की मला वाटलं आवारात कुणी नाही. आत पाय टाकला आणि जागीच थबकले. पट्टी बायकांनी भरली होती. वाडीतल्या होत्या, मुठ्याकडच्या होत्या, भूगावला फ्लॅटमध्ये धुणीभांडी करणाऱ्या सुट्टी टाकून आलेल्या होत्या. एक थकलेली म्हातारी महाळुंग्याला नातवाकडं राहते, तिला नातवानं गाडीतून आणलं होतं आणि गाडी लांब लावली होती. निरोप कसा फिरला कुणास ठाऊक. एवढ्या बायका, आणि आवाज म्हणून नाही. प्रत्येकीच्या बांगड्या कोपराशी. जी ती आपापल्या धोंड्यापाशी जाऊन बसली होती, आणि एकीनंही चाचपडून शोधलेलं मी पाहिलं नाही.

मी बादलीत कागद भिजवून वाटत गेले. कसा पसरायचा ते खुणेनं दाखवलं. आणि त्या थोपटायला लागल्या. सगळ्या एकदम. माझ्या ब्रशचा तो आवाज नव्हता. तळहाताचा होता, पाळण्याजवळ बसून आई करते तो. थोप, थोप, थोप. धुक्यात बाया नीट दिसत नव्हत्या, आवाज तेवढा जमिनीतून आल्यासारखा येत होता. वडिलांनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. तरी शप्पथ सांगते, त्या थापांच्या खाली मला अजून काहीतरी ऐकू येत होतं. झोपलेल्या लेकरांचा श्वास असतो ना, तसं. मी कान दिला नाही. हात चालवत राहिले, शाई टिपत राहिले.

ऊन चढून धुकं विरलं, तेव्हा जेसीबी आला, वळणावर घरघरला आणि बंद पडला. बंद पडला नव्हता, चालवणाऱ्यानं बंद केला होता. बिहारकडचा माणूस. खाली उतरून खिंडारात उभा राहिला, बघत राहिला, आणि चप्पल काढून त्यानं मला हळूच विचारलं, “नीचे बच्चे हैं क्या, दीदी?” त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सचिव आणि साइट इंजिनिअर त्याच्या मागोमाग आले. मी वाळलेले कागद भिंतीवर ओळीनं लावले होते. काळे, मधे धोंड्याचे ओबडधोबड खळगे. सचिवांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, भिंतीच्या टोकापर्यंत गेले.

“बाई, यांवर तर काहीच नाही.”

“नाही. बारशाआधी गेली ती.”

ते कागदांकडं बघत राहिले, मग बायकांकडं. मग मोठ्यानं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तर ठकूबाईनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू, सायेब.” पुण्याचा तो एवढा सचिव, त्यानं मान डोलावली आणि कुजबुजत इंजिनिअरला सांगितलं, “रस्ता भिंतीच्या बाहेरून घ्या.”

“सर, पण ड्रॉइंग फायनल झालंय...”

“हळू बोला हो!”

तर असा तो रस्ता भिंतीला वळसा घालून गेलाय. सचिवांनी पट्टीसकट सगळं आवार दफनभूमी म्हणून दाखवलं, ते काळे कागद सोबत जोडून.

बायका उठून जायला लागल्या. पट्टीत काही धोंडे तसेच राहिले होते, त्यांच्या आया आता नसतील. करवंदीच्या जाळीखाली असाच एक होता. ठकूबाई तिथं थांबली आणि मला म्हणाली, “तुमी न्हाई निजवत?”

“मी? माझं कोण आहे इथं?”

“पैल्या दिशी तुमी बांगड्या सारल्या ठोकायच्या आदी. मी बगितलं. ते मायबिगर कुनी शिकवत न्हाई. कुटल्या तुमी?”

“मुठ्याच्या.”

“मायचं नाव?”

मी सांगितलं. सखू.

“सखू खडीवाली.” तिनं मान हलवली, जुनी ओळख पटावी तशी. “हितं रस्त्याच्या कामाला व्हती, खडी फोडाया. मी नवी नवरी व्हते. पुरून झाल्यावर मीच पानी घातलं तिच्या हातावर. लेक व्हती. ही तिची.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही तिच्या बांगड्यांची नक्कल करून हसलो. वडिलांनाही ते लेकरू ठाऊक होतंच ना? मग ते एवढे का चिडायचे, ते मला आता कळतंय, त्यांनाही ते वळण सोसत नसणार, आणि त्यांना जाऊन सांगायची सोय नाही.

एक कागद शिल्लक होता. मी तो भिजवला, करवंदीच्या बुडाशी पसरला आणि थोपटलं. मला निजवायला येत नव्हतं, ठकूबाईनं माझा हात धरून शिकवलं. जरा हळू, जरा जड. तो ठसा मी सचिवांना दिला नाही. तो माझ्याकडं आहे.

परत एसटीनं निघाले. वळण आलं तसे माझे हात बांगड्यांकडं गेले. मागं कुणाचा तरी मोबाइल गाणं वाजवत होता. मी वळून म्हटलं, “जरा बंद करता का?” कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. “काय झालं मावशी? बरं न्हाई वाटत का?”

“बरं आहे,” मी म्हटलं. “हळू बोला. आमची ताई निजलीय.”